दूध कॅनमध्ये गेल्यावर

एज स्टोरेजचं कौतुक ऐकायला मिळतं ते बहुतेक वेळा वेगासाठी. माहिती दूरच्या डेटा सेंटरमध्ये न ठेवता वापरणाऱ्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे झटपट हाताशी येते. खोटं नाही ते. १९९८मध्ये एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी अकामाई काढली ती याच गणितावर. नेटफ्लिक्स चित्रपटांच्या प्रती भरलेल्या स्वतःच्या पेट्या इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या जागेत बसवतं, तेही त्याचसाठी. पण मी जिथे हे काम करतो तिथे वेगाचं कुणाला पडलेलं नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जुन्नरकडच्या गावातून मुंबईला जाऊन यायला त्याला दोन-चार मिलिसेकंद पुरतात. सकाळी साडेसहाला रेंज आहे का, आणि लाईट आहे का, एवढंच आमच्याकडे विचारलं जातं.

मी दूध संकलन केंद्रांवरच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितो. वजनकाटा, दुधातली फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) काढणारं यंत्र, छोटा प्रिंटर आणि या तिघांना बांधून ठेवणारी एक पेटी. सभासद किटली ओततो, सचिव त्याचा कोड दाबतो, फॅट लागते, दर निघतो, पावती फाटते, पुढचा माणूस येतो. मागे रांग असते आणि कुणाला मुलांना शाळेत सोडायचं असतं, कुणाला वैरण काढायची असते. तेवढ्यात ते दूध सगळ्यांच्या दुधात मिसळून कॅनमध्ये गेलेलं असतं.

माझ्या कामातली जवळपास प्रत्येक गोष्ट या एका घटनेवरून ठरते. नेटफ्लिक्सच्या पेटीत असते ती नक्कल. पेटी जळली तरी मूळ प्रत दुसरीकडे शाबूत असते. केंद्रावरच्या पेटीत लिहिली जाते ती मूळ नोंद. ती गेली, तर त्या माणसाच्या त्या सकाळच्या दुधाची फॅट पुन्हा काढता येत नाही. म्हणून क्रम पक्का: आधी इथे लिहायचं, लिहिलं गेल्याची खात्री करायची, मग पावती छापायची, आणि वर, डेअरीच्या सर्व्हरला, पाठवायचं ते सवडीनं.

‘लिहिलं गेल्याची खात्री’ म्हणायला सोपं आहे. प्रोग्रॅम फाईल सेव्ह झाली म्हणतो, तेव्हा ती बऱ्याचदा मेमरीतच रेंगाळत असते. लाईट गेली की गेली. ती पेटीतल्या मेमरी कार्डावर उतरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही असं सिस्टीमला बजावून सांगावं लागतं. शिवाय अर्धी नोंद लिहिली जात असताना लाईट गेली तर? मी एसक्यूलाईट वापरतो. डी. रिचर्ड हिप यांनी २०००मध्ये आणलेला हा लहानसा डेटाबेस बदल आधी वेगळ्या टाचणात लिहून ठेवतो, त्यामुळे पुन्हा सुरू झाल्यावर नोंद पूर्ण तरी असते किंवा नसतेच. अर्धवट मात्र राहत नाही. कार्डाचंही आयुष्य मोजकं. फ्लॅश मेमरीत पानापानानं लिहिता येतं, पण खोडायचं तर अख्खा ब्लॉक खोडावा लागतो. टीएलसी प्रकारच्या स्वस्त मेमरीत एक ब्लॉक साधारण एक ते तीन हजार वेळाच खोडता येतो. तरी लोक दर सेकंदाला ‘सर्व ठीक’ असली निरर्थक ओळ त्यावर लिहीत बसतात.

जागा किती लागते म्हणाल, तर हसू येईल. दोनशे सभासद, दोन वेळचं संकलन, एका नोंदीला शंभर बाइट धरले तर वर्षाचे पंधरा एमबीसुद्धा होत नाहीत; मोबाईलमधले चार-पाच फोटो. केंद्रावर कॅमेरा असेल तर त्याचं गणित उलटं असतं. दोन एमबीपीएसचं चित्रण दिवसाला वीस-बावीस जीबी होतं. ते वर पाठवण्यात अर्थ नाही. तिथेच ठेवायचं, जुनं आपोआप पुसलं जाऊ द्यायचं, तंटा झालाच तर तेवढा तुकडा काढायचा. दूध थंड ठेवणाऱ्या बल्क कूलरचं तापमान या दोहोंच्या मध्ये येतं: मिनिटामिनिटाची नोंद केंद्रावर, आणि दूध चार अंशांच्या आसपास राहिलं नाही तर तेवढी खबर वर.

नोंदी वर पाठवण्यासाठी एमक्यूटीटी हा संदेशवहनाचा प्रोटोकॉल बरा पडतो. १९९९मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो तेलाच्या पाइपलाइनसाठी, उपग्रहाच्या महागड्या जोडणीवर चालावा म्हणून बनवला. आपल्या खेड्यातल्या सिमकार्डाला तो परका वाटत नाही. पण ‘किमान एकदा पोचेल’ या हमीत दोनदा पोचण्याची शक्यताही असते, आणि एका किटलीचे दोनदा पैसे निघाले तर डेअरीत तमाशा होतो. म्हणून केंद्र, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि अनुक्रम मिळून नोंदीची ओळख केंद्रावरच ठरते. तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर वरच्यानं ती मुकाट सोडून द्यायची. ओळखीत नुसत्या घड्याळावर मी विसंबत नाही. साधं क्वार्ट्झ घड्याळ वर्षात दहा मिनिटं सहज इकडेतिकडे होतं, आणि त्याची बॅटरी संपली की पेटी खुशाल भलत्याच सालात जागी होते.

खोडण्याची सोय मी सचिवाला देत नाही. त्याच्यावर अविश्वास आहे असं नाही. घाईत सत्तेचाळीसऐवजी चौऱ्याहत्तर दाबलं जातंच. पण दुरुस्ती ही नवी नोंद असते, जुनी तशीच राहते. शिवाय प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीवरून काढलेला आकडा असतो, त्यामुळे मधली एखादी गायब झाली तर साखळी तुटल्याचं लगेच दिसतं.

सगळंच केंद्रावर ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. पेटीवर धूळ बसते, पाल शिरते, वीज पडते. बिलं, आगाऊ उचल, पशुखाद्याची कपात हे वरच बरं. उलट दिशेनं मात्र एक गोष्ट खाली यायलाच हवी: दरपत्रक. ते केंद्रावर साठवलेलं नसेल तर रेंज गेल्यावर भाव कुठून काढणार? आणि नवं दरपत्रक ज्या दिवशी पोचलं त्या दिवसापासून लावायचं नसतं. कोणत्या तारखेच्या कोणत्या वेळच्या संकलनापासून ते लागू, हे त्याच्यातच लिहिलेलं असावं लागतं, म्हणजे चार दिवस आधी आलं तरी ते थांबून राहतं.

राहिला प्रश्न केंद्रावरची नोंद कधी पुसायची याचा. ‘पोचली’ असं वरून आलं की पुसून टाकणारी यंत्रं मी पाहिली आहेत. आमच्याकडे बिल दहा दिवसांचं असतं, आणि माणूस खिशातल्या पावत्या काढून भांडायला येतो तो बिल हातात पडल्यावर. त्यामुळे मी वर्षभराचं ठेवतो. जागेचा प्रश्न नाहीच, आणि सचिवाला त्याच काट्यापाशी उभं राहून उत्तर द्यायचं असतं.