बांधाकडचं पीक

वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी-नारळीच्या वाड्यांमध्ये काही कौलारू घरं अजून तग धरून आहेत. त्यांतल्याच एका ख्रिस्ती घरात आजी, मुलगा-सून, कॉलेजात जाणारी नात आणि शाळकरी नातू राहतात. मुलगा लोकलने अंधेरीला नोकरीला जातो, सून शाळेत शिकवते. वाडी आहे, पण आता घर तिच्यावर चालत नाही. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की दरवर्षी कुणी चहा सोडायचं, कुणी गोड. ईस्टर उजाडला की सगळं पहिल्यासारखं. एका वर्षी नातीने जेवताना विचारलं, "आपण जे सोडतो, त्याचे वाचलेले पैसे जातात कुठे?"

जात कुठेच नव्हते. ते घरखर्चात मिसळून जायचे. मग फ्रिजवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आला. शुक्रवारी मटण-चिकन नाही, ही चालत आलेली रीत होतीच. आता त्या दिवशीचा वाचलेला खर्च संध्याकाळी डब्यात पडू लागला आणि महिनाअखेरीला तो धर्मग्रामातल्या गरजू कुटुंबांसाठी जाऊ लागला. उपवासातून वाचलेलं गरिबाला द्यायचं, ही चर्चची फार जुनी शिकवण. या घराने ती उपवासकाळाच्या चाळीस दिवसांच्या पलीकडे नेली, एवढंच.

शुक्रवारच्या या साध्या नेमात किती ताकद आहे, याचं एक मोजमाप झालेलं आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या कॅथलिक बिशपांनी २०११ मध्ये शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची प्रथा पुन्हा सुरू केली. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तिचा हिशेब मांडला. सुमारे एक चतुर्थांश कॅथलिकांनीच आपली सवय बदलली होती, तरी वर्षाकाठी ५५,००० टनांहून जास्त कार्बन हवेत जायचा वाचला. त्यासाठी ना नवं यंत्र लागलं, ना सरकारी अनुदान.

अशाच साध्या घरगुती सवयींकडे लक्ष वेधणारं पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. हवामान, पाणी, जंगलं, गरिबी असे मोठमोठे विषय हाताळणारं हे लेखन मध्येच स्वयंपाकघरात उतरतं. प्लास्टिक आणि कागद कमी वापरा, पाणी जपा, कचरा वेगळा करा, खाल्लं जाईल तेवढंच रांधा, गरज नसलेले दिवे मालवा, झाडं लावा, अशी घरगुती कामांची यादी त्यात आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर क्षणभर थांबून आभार मानण्याची जुनी सवय पुन्हा धरा, असंही त्यात सांगितलं आहे. ताटातलं अन्न पिकवणाऱ्या हातांची आणि ज्यांच्या ताटात काही नाही त्यांची आठवण त्या क्षणी व्हावी, हा त्यामागचा हेतू.

या घरातही बदल आधी चुलीपाशीच झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं, असा त्यात अंदाज आहे. पाच माणसांचं घर धरलं तर पावणेतीन क्विंटल. आजीला हे आकडे नातीने वाचून दाखवले. तिला त्यांचं नवल वाटलं नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या, हे तिने लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलेलं. एवढा मोठा चमत्कार करणाराही उरलंसुरलं टाकू देत नाही, हे तिच्या मनात पक्कं आहे. शिवाय ती आगाशीकडची. तिकडे राजेळी केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करतात आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवतात. पीक उदंड आलं म्हणून फेकायचं नसतं, हे तिच्या हातांना ठाऊक आहे.

टाळता न येणारा ओला कचरा वाडीतल्या ड्रममध्ये जातो. ड्रमला चहूबाजूंनी भोकं पाडलेली आहेत. तळाशी नारळाची सोडणं, त्यावर केळीचा सुका पाला, मग भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा आणि वर पुन्हा सुका पाला. ओल्याच्या दुपटीने सुकं घालायचं, हा सुनेचा नियम. वास आला तर आत हवा कमी पडते आहे असं समजून काठीने ढवळायचं. मूठभर ऐवज दाबला तर थेंब-दोन थेंब पाणी निघावं. धार लागली तर पाला वाढवायचा. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुसभुशीत खत हाताशी येतं. हाच कचरा डम्पिंग ग्राउंडवर ढिगाखाली हवेविना कुजला असता तर त्यातून मिथेन निघाला असता. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट उष्णता धरून ठेवतो.

बाकीचे बदल लवकर अंगवळणी पडले. बाजाराला कापडी पिशवी, शॉवरऐवजी बादली, अंघोळीचं पाणी केळीच्या आळ्यात. जुना पंखा ७५ वॉट खायचा, नवा ३० वॉटच्या आसपास खातो. दिवसाला बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात.

खरी परीक्षा इथून पुढे लागते. वाचलेल्या पैशांचं काय करायचं? विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं की कमी कोळशात जास्त काम करणारी इंजिनं आल्यावर इंग्लंडमधला कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. घरातही तेच होतं. विजेच्या बिलातली बचत साठवून दुसरा एसी घेतला, तर पंख्याने वाचवलेलं सगळं एसी खाऊन टाकतो. फ्रिजवरच्या त्या डब्याचं मोल इथे कळतं. वाचलेला पैसा कुणाच्या औषधाला, कुणाच्या शाळेच्या फीला गेला की तो आपल्या पुढच्या हौसेला उरत नाही. काटकसर आणि दानत या घरात एकमेकींना धरून चालतात. नुसती काटकसर उद्याच्या चैनीची बेगमी ठरू शकते, आणि काटकसरीशिवाय दान करायला सामान्य घराच्या हाताशी फारसं काही शिल्लक राहत नाही.

बायबलच्या जुन्या करारात, लेवीयच्या पुस्तकात, शेतकऱ्याला आज्ञा आहे की कापणी करताना पार बांधापर्यंत कापू नये, गळालेली कणसं वेचू नयेत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. रूथ नावाच्या परदेशी विधवेने बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात वेचलं ते याच हक्काने. पीक मालकाचं असलं तरी त्याच्या कडेवर दुसऱ्या कुणाचा तरी वाटा आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

वसईत हा वाटा पाण्याच्या रूपाने दिसतो. इथल्या वाड्यांमध्ये पूर्वजांनी बावखलं खणून ठेवली आहेत. पावसाचं पाणी या तळ्यांमध्ये साठतं, जमिनीत झिरपतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. समुद्र जवळ असल्याने जमिनीतलं गोडं पाणी उपसलं गेलं की खारं पाणी आत सरकतं. बावखलं त्याला अडवून धरतात. पण जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर अनेक बावखलं डेब्रिजने बुजली. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं, रेल्वे ठप्प झाली, तेव्हा पाणी थांबायच्या जागा आपणच बुजवल्याची चर्चा घरोघर झाली.

या घराच्या वाडीतही बावखल आहे. भरणी करून देतो, असं सांगत माणसं येऊन गेली. त्या तुकड्याची किंमत मुलाच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी, आणि घरावर कर्जही होतं. तरी घराने नकार दिला. उन्हाळ्यात पाणी आटलं की सगळे मिळून गाळ काढतात आणि नारळांना घालतात. त्या बावखलाचं पाणी शेजारच्या विहिरींनाही मिळतं. शेजाऱ्यांनी कधी त्याचे पैसे दिले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. डब्यात नोटा टाकायची सवय नसती तर एवढा मोठा नकार देता आला नसता, असं सून मानते.

एकेका घराने कितीही केलं तरी ते पुरत नाही, हेही 'लाउदातो सी' स्पष्ट सांगतं. त्यासाठी समाजाने एकत्र यावं लागतं. वसईने ते अनुभवलेलं आहे. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून इथली हिरवाई वाचवण्यासाठी लढा उभारला, धमक्यांना न जुमानता लोकांना रस्त्यावर आणलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. त्या मोर्चांमध्ये चालायला आलेली माणसं अशाच घरांमधली होती.

आता या घरासमोर प्रश्न आहे लग्नाचा. येत्या मे महिन्यात मुलाच्या मोठ्या भावाच्या मुलीचं लग्न आहे. स्टीलची ताटं, वाडीतलाच मोगरा, थर्माकोलची सजावट नाही आणि उरलेलं न उष्टावलेलं अन्न त्याच रात्री वृद्धाश्रमात, एवढं दोन्ही भावांमध्ये ठरलं आहे. पाण्याच्या छोट्या बाटल्यांवर मात्र अजून एकमत नाही. पाचशे पाहुण्यांना माणशी दोन म्हटल्या तरी हजार बाटल्या होतात. मेच्या उकाड्यात पाहुण्यांना तांब्या-पेल्याने पाणी द्यायचं म्हणजे आपल्याला कमीपणा येईल, असं मोठ्या भावाला वाटतं. नातू आणि त्याचे मित्र पाणी वाढायला तयार आहेत. रविवारी मिस्सा झाल्यावर दोन्ही घरं पुन्हा बसणार आहेत. तोवर चर्चच्या सभागृहात स्टीलचे पेले किती आहेत ते मोजून यायचं काम नातवाने अंगावर घेतलं आहे.