बाबासाहेबांच्या कोटाचे कापड

माझगावच्या बी.आय.टी. चाळींत आम्ही जयंतीची तयारी दोन महिने आधीच सुरू करतो. गेल्या वर्षी मुलांनी गोलमेज परिषदेचा प्रसंग बसवला. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) चित्रपटातल्या मामुटींसारखा हुबेहूब पोशाख हवा, असा त्यांचा हट्ट. पण भाड्याचा निळा कोट ट्रकवर उन्हात चमचम करीत राहिला आणि मिरवणूक संपायच्या आत खांद्यावर उसवला. महिला मंडळाच्या भगिनी चिडल्या. बाबासाहेबांचा कोट, आणि तो असा? वर्गणी काढून आपलाच शिवायचे ठरले. दहा वर्षे टिकला पाहिजे.

एका शनिवारी आम्ही डॉकयार्ड रोडला गाडी धरली, मस्जिदला उतरलो आणि चालत मंगलदास मार्केट गाठले. बरोबर चाळीतले नाना होते. त्यांचा सारा जन्म गिरणीच्या रिंगखात्यात गेला. बाबासाहेबांचे खरे कपडे नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपलेले आहेत. आमच्या हाती चित्रपट आणि जुने फोटो. फोटो काळेपांढरे, म्हणून रंगावर वाद. पोरांना पुतळ्याचा निळा हवा होता, आम्ही गडद करड्यावर अडून बसलो. परिषद १९३० च्या नोव्हेंबरात लंडनला भरली, तेव्हा कापड लोकरीसारखे दिसायला हवे, एवढे मात्र सर्वांना पटले.

"शंभर टक्के लोकर," दुकानदार म्हणाला. नानांनी कडेचा धागा मागून घेतला, रस्त्यावर येऊन काडी लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. इथे काळी कडक गोळी वळली. नाना काही न बोलता पुढच्या गाळ्याकडे वळले.

नाना सूत बोटांनी ओळखतात, पण कापड त्यांनी कधी विणले नाही. साचेखात्यात पगार जास्त. पण धोट्यातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना तिथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर मांडला होता. नानांचे आजोबा रिंगखात्यात, वडीलही तिथेच, आणि वडिलांच्या जागी लागलेले नानाही तिथेच.

अखेर टेरीवूल घेतले. शुद्ध लोकर खिशाला झेपेना, शिवाय एप्रिलात पोरगा त्यात उकडून निघाला असता. मिश्र कापड घामाला, घासण्याला टिकते, चुरगळत नाही. फक्त चकाकी नको. जाकीट धरून तीन कपड्यांना ५८ इंची पन्ह्याचे साडेतीन मीटर लागले. चाळीतल्या शिंपीदादांनी बेतण्याआधी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, म्हणजे नंतर आटायला नको. अस्तर सुती लावले. शिवणीत दीड इंच दाबून ठेवला आहे, कारण पोरे वाढतात.

कोट आता विहाराच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांसह आहे. येत्या जयंतीला तो कोण घालणार, यावर आत्तापासून भांडणे सुरू आहेत.