शेजाऱ्याला ठाऊक असलेली खोली

जपानमधील कोबे शहराच्या पश्चिमेकडून आवाजी बेटाकडे जाताना समुद्रावर एक भव्य झुलता पूल लागतो. त्याच्या दोन मुख्य मनोऱ्यांमधील अंतर १,९९० मीटर ठरले होते. आज ते १,९९१ मीटर भरते. हा वाढीव मीटर भूकंपाचा आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूमी हादरली, तेव्हा पुलाचे बांधकाम चालू होते. त्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेली होती.

पूल उतरून बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने गेले, की होकुदान हा भाग येतो. भूकंपात फाटलेली जमीन तेथील संग्रहालयात जशीच्या तशी जतन केली आहे. पर्यटक ती भेग पाहून परततात. आपण मात्र जवळच्या वस्तीची हकिकत समजून घेऊ. त्या पहाटे जुनी लाकडी घरे कोसळून सुमारे ३०० माणसे खाली गाडली गेली. त्यांना शोधायला धावले ते शेजारी आणि गावातील स्वयंसेवक अग्निशामक. कोणत्या घरात कोण राहते, एवढेच नव्हे, तर कोणत्या घरची आजी कोणत्या खोलीत झोपते, हेही त्यांना ठाऊक होते. त्यामुळे नेमके कोठे उकरायचे, हे कोणाला विचारावे लागले नाही. गावाने ३९ माणसे गमावली. परंतु त्याच दिवशी संध्याकाळपूर्वी शोध पूर्ण झाला होता.

वैद्यकीय दृष्टीने या वेगाचे मोल फार मोठे आहे. हातपाय बराच वेळ दडपून राहिले, तर चिरडलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि इतर घटक रक्तात उतरतात. त्यांचा आघात हृदयावर आणि मूत्रपिंडांवर होतो. त्यातच जानेवारीची थंडी आणि उतारवय. अशा वेळी प्रत्येक तास महत्त्वाचा ठरतो. दूरच्या पथकाला रस्ता काढीत यावे लागते. शेजारी आधीच दाराशी असतो.

याच भूकंपाची दुसरी बाजू कोबे शहरात दिसली. बेघरांसाठी तात्पुरती घरे उभी राहिली. वृद्धांना आणि अपंगांना प्राधान्य देऊन चिठ्ठ्या टाकून ती वाटली गेली. हेतू चांगलाच होता. परंतु त्यामुळे वर्षानुवर्षांचे शेजार विखुरले. डोक्यावर छप्पर आले, पण ‘आज दिसला नाहीत?’ असे विचारणारे कोणी उरले नाही. पुढील काही वर्षांत त्या घरांत दोनशेहून अधिक माणसे एकाकी अवस्थेत मरण पावली. अशा मृत्यूला जपानी भाषेत ‘कोदोकुशी’ म्हणतात. २००४ मध्ये निगाता प्रांतात भूकंप झाला, तेव्हा यामाकोशी गावच्या लोकांना वाडीवार एकत्र ठेवण्याची काळजी घेतली गेली. हा धडा कोबेने शिकवला होता.

आता आपल्या घराकडे पाहू. वाडे आणि चाळी गेल्या, बंद दारांचे फ्लॅट आले. आपण कोणत्या खोलीत झोपता, हे शेजारच्यांना ठाऊक आहे का? विश्वासाच्या दोन घरांना तेवढे सांगून ठेवा. घराची एक किल्ली त्यांपैकी एका घरी असू द्या. औषधांची आणि आजारांची यादी ठळक अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावा आणि ती तेथे आहे, हे त्यांना दाखवा. ऐकू कमी येत असेल वा चालताना आधार लागत असेल, तर तेही संकोच न करता सांगा. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांनी शेजाऱ्यांचे फोन क्रमांक जवळ ठेवावेत आणि अधूनमधून, काही काम नसतानाही, त्यांच्याशी बोलावे.

पूर असो, आग असो वा मध्यरात्री उठलेली छातीतील कळ, पहिली हाक भिंतीपलीकडेच ऐकू जाते. ती कोणाची आणि कोणत्या खोलीतून आली, हे पलीकडच्याला कळायला हवे. तेव्हा आज संध्याकाळी शेजारचे दार वाजवा आणि चहाला बोलवा.