किल्ल्या, सह्या, फायली: काही टिपणे

१. घोडेगाव, झेरॉक्सचं दुकान. आजोबा सातबारा उलटसुलट करून बघतात. "ह्याच्यावर शिक्का न्हाई?" "लागत नाही, आजोबा. डिजिटल सही हाय." "मग बँकवाला मागतोय त्याचं काय करू?"

२. सही कागदावर नसतेच, ती पीडीएफच्या आत असते. मजकुराचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढून त्यावर खासगी किल्लीने केलेली. छापलं की सही गेली, मग आधार उरतो तो १६ अंकी पडताळणी क्रमांकाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवला तरी गेली. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. दुकानातून प्रिंटसोबत फाइलही मागून घ्यावी.

३. सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटी असं नव्हे. त्या संगणकाला भारताच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख नसेल, तरी ते दिसतं.

४. नाणेघाट. लेण्यातली ब्राह्मी अक्षरं दोन हजार वर्षं भिंतीवर होती. अक्षरं टिकली, वाचायची रीत हरवली: मधली कित्येक शतकं ती वाचणारं कोणी नव्हतं. १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या अभ्यासकाने ही लिपी उलगडली.

५. खोडद परिसर. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. खगोलशास्त्रात अशा दुर्बिणींची विदा ठेवायला १९८१ पासून 'फिट्स' हा साचा आहे. फाइलच्या सुरुवातीला ८०-८० अक्षरांच्या साध्या ओळी, पुढचे आकडे कसे वाचायचे हे सांगणाऱ्या. कूटबद्ध फाइलही अशीच हवी. पद्धत कोणती, आवृत्ती कोणती, हे उघड असावं. गुप्त राहावा तो मजकूर आणि किल्ली.

६. सार्वजनिक किल्ली आणि प्रमाणपत्र ठेवायला मला पीईएम हा साचा पसंत. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, फाइल तिसऱ्या हिश्शाने फुगते. फुगू दे. नोटपॅडमध्ये उघडते, आणि आत काय आहे ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीत 'प्रायव्हेट की' दिसलं तर ती फाइल कुणालाही पाठवायची नाही.

७. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. गावात दोन्ही सगळ्यांना ठाऊक.

८. ग्रामपंचायतीचे पैसे ऑनलाइन निघायला सरपंचाचं एक आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं (पूर्वीच्या ग्रामसेवकाचं) एक, अशी डिजिटल सहीची दोन डोंगलं लागतात. किल्ली डोंगलबाहेर येत नाही, तिची रचनाच तशी आहे. पण दोन्ही डोंगलं ऑपरेटरच्या खणात आणि पिन त्यांच्यावरच चिकटवलेला, असं असेल तर दोन सह्या कशाला?

९. शिवकालीन पत्राच्या शेवटी मर्यादेची मुद्रा. तिच्याखाली कोणी ओळ घुसडायची नाही. पीडीएफमध्ये सहीनंतरही भर घालता येते. सही कुठवरच्या मजकुराची, हे सहीच्या तपशिलात उघडून बघावं लागतं.

१०. प्रमाणपत्राची मुदत बहुधा २ वर्षं. जमिनीचा वाद नातवापर्यंत चालतो. म्हणून सही करतानाच वेळेचा शिक्का आणि प्रमाणपत्रांची सगळी साखळी त्याच फायलीत घालून ठेवावी.