आधी काय उघडायचं?

लेस्टर,
१४ डिसेंबर २०२३

ती. दादास,


सोमवारी इथल्या कोविड चौकशीत ऋषी सुनक यांची साक्ष झाली आणि ती बातमी पाहून तू लगेच फोन केलास. "तुमच्याकडं चार जुलैलाच पब उघडले. आम्ही ऑक्टोबरपर्यंत शटर पाडून बसलो. आता सांग, वेडे कोण, ते का आम्ही?" मी ऑफिसात होते आणि तू तापला होतास, म्हणून म्हटलं, लिहून कळवते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पब कधीतरी उघडायलाच हवे होते आणि २०२० च्या उन्हाळ्यात ते उघडणं गैर नव्हतं. पण ते शाळांच्या आधी उघडले, मागची बाग आणि आतली खोली एकाच दिवशी उघडली, आणि महिन्याभरात लोकांनी तिथं येऊन बसावं म्हणून सरकारनं वर पैसे दिले. हे तिन्ही मला चूक वाटतं.

तू म्हणशील, ही सरकारी बाजूनं बोलते. तसं नाही. माझ्याकडं ज्यांचे हिशेब येतात त्यांत पबवालेही आहेत, त्यांचे हाल मी आकड्यांत पाहिलेत. २० मार्च २०२० च्या शुक्रवारी संध्याकाळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी जाहीर केलं की आज रात्रीपासून पब बंद. शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकीसाठी तळघरात पिंपं भरून ठेवलेली. कास्क एल नावाची त्यांची बिअर जिवंत असते, नळ ठोकला की थोड्या दिवसांत संपवावी लागते. काही आठवड्यांनी एका पबवाल्यानं मला व्हिडिओ पाठवला. तळघरात उकिडवा बसून तो एकेक पिंप मोरीत रिकामं करतोय आणि मांडीवरच्या वहीत किती गेलं ते टिपतोय, कारण त्या नोंदीवर मद्यशुल्काचा परतावा मिळणार होता. मागं त्याचा कुत्रा फेस चाटत फिरतोय. तुझ्या बारच्या गोदामातल्या सीलबंद बाटल्या निदान टिकल्या तरी.

तेव्हा पब उघडावेत असं वाटणाऱ्यांत तो होता, मीही होते. प्रश्न एवढाच की कसे उघडायचे, आणि ते ठरवण्याइतकी माहिती जुलैपर्यंत हातात होती. ऑस्ट्रियातल्या इश्गल या स्कीइंगच्या गावात मार्चमध्येच एका बारमधला कर्मचारी बाधित निघाला होता आणि तिथं सुट्टीला गेलेले लोक आजार घेऊन युरोपभर परतले होते. मे महिन्यात दक्षिण कोरियानं निर्बंध सैल केले आणि सोलच्या इटेवॉन भागातल्या नाइटक्लबांमधून एकदम साथ उसळली. त्यांनी काय पुढं ढकललं माहीत आहे? शाळा. मुलं १३ मेपासून वर्गात यायची होती, ती आठवडाभर घरीच राहिली.

हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, दादा. लस नव्हती तेव्हा गाठीभेटींचं घरातल्या पगारासारखं होतं. रक्कम ठरलेली, एकीकडं जास्त उडवली की दुसरीकडं हात आखडावा लागणार. इंग्लंडनं काय केलं बघ. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्राथमिक शाळेतल्या सगळ्या मुलांना महिनाभर तरी वर्गात आणायचं म्हणत होते. ९ जूनला तो बेत सोडून दिला. दोन आठवड्यांनी, २३ जूनला, दोन मीटरचं अंतर एक मीटरवर आणत असल्याचं जाहीर केलं, आणि ४ जुलैला पब उघडले. वर्तमानपत्रांनी त्या दिवसाला 'सुपर सॅटर्डे' म्हटलं. बहुतेक मुलं वर्गात पोचली ती सप्टेंबरमध्ये.

आमच्या लेस्टरला तो सुपर सॅटर्डे लाभलाच नाही. इथं रुग्ण वाढलेले होते, म्हणून २९ जूनला शहर आणि भोवतालची काही उपनगरं पुन्हा बंद करत असल्याचं जाहीर झालं. माझ्या एका पबवाल्याचं दार त्या हद्दीच्या आत, दुसऱ्याचं बाहेर. बाहेरचा टेबलं मोजत होता, आतला नुसता फोन करत होता. ऑगस्ट लागल्यावर आतल्याचंही उघडलं. लोकांनी गाडीत बसून हद्द ओलांडली का? काही जणांनी ओलांडलीच. तू म्हणतोस ना, बार बंद केला की लोक शेतात बसतात. बसतात, खरंच आहे. पण शेतात निदान वारा तरी असतो.

वाऱ्याची गोष्ट मी मुद्दाम काढते. जुना इंग्लिश पब म्हणजे बसकं छत, जाड गालिचा, लहान खिडक्या. प्यायचं तर मास्क काढावाच लागतो, आणि दुसऱ्या पाइंटनंतर सगळ्यांचा आवाज चढतो. गाणी हळू लावा म्हणजे लोक ओरडणार नाहीत, हे सरकारी सूचनांतही होतं. पण दारातली सॅनिटायझरची बाटली, पुसलेली टेबलं, एकदा वापरून टाकायची मेनुकार्डं यांचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा खिडकी उघडण्याचा झाला नाही. गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन लिहून घ्यायची सक्ती तर १८ सप्टेंबरला आली. तुझ्या वरच्या एसी हॉलचंही असंच आहे, आणि तेही तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

गंमत म्हणजे इंग्लंडकडं मोकळी हवा भरपूर होती. २००७ मध्ये इथं बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा सिगरेटवाल्यांसाठी पबांनी मागच्या अंगणात बाकं टाकली, छत्र्या लावल्या, बागा सजवल्या. त्या बागा तयारच होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये इथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. स्कॉटलंडनं ६ जुलैला आधी बागा उघडल्या, आतल्या खोल्या १५ जुलैला. फरक जेमतेम नऊ दिवसांचा, पण विचार बरोबर होता. ऑगस्टच्या सुरुवातीला ॲबर्डीनमध्ये एका बारपासून साथ पसरली तेव्हा त्यांनी शहरातले सगळे पब लगेच बंद केले, कारण पुढच्याच आठवड्यात तिथल्या शाळा भरायच्या होत्या.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर म्हणशील सोयीचं तेवढं सांगितलं. ४ जुलैनंतर लगेच काही कोसळलं नाही. तो अख्खा महिना रुग्ण कमीच राहिले. सप्टेंबरमध्ये ते वाढले ते एकट्या पबांमुळे नव्हे. लोक सुट्टीला परदेशी जाऊन आले, ऑफिसं सुरू झाली, थंडी आली, विद्यापीठं भरली. पण ३१ जुलैला मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी जाहीरपणे बजावलं होतं की समाज जितका उघडता येईल त्याच्या जवळजवळ टोकाला आपण आलो आहोत. दुसऱ्या दिवशी सरकारच्या सल्लागार शास्त्रज्ञांपैकी ग्रॅहम मेडली म्हणाले की शाळा उघडायच्या तर कदाचित पब बंद करावे लागतील.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ ऑगस्टला, 'ईट आउट टू हेल्प आउट' सुरू झालं. सुनक तेव्हा अर्थमंत्री. सोमवार ते बुधवार बाहेर जेवलास तर निम्मं बिल सरकार भरणार, माणशी दहा पौंडांपर्यंत. दारू त्यात धरली नव्हती, पण जेवण देणारे पब होते. आणि खरी मेख पुढं आहे. पार्सल नेलं तर सवलत नाही, तिथंच बसून खाल्लं तरच! माझ्या पबवाल्यांचे परताव्याचे अर्ज मीच भरत होते, म्हणून हा नियम डोळ्यांसमोर आहे. महिन्याभरात १६ कोटींहून जास्त जेवणं झाली आणि सरकारचे सुमारे ८५ कोटी पौंड गेले. हॉटेलांना जगवायचं होतं तर पार्सललाही पैसे देता आले असते. सरकारनं मोजून धोक्याचा भाग तेवढा स्वस्त केला. शास्त्रज्ञांना आधी विचारलं नव्हतं, हे आता चौकशीत त्यांनीच सांगितलंय. सुनक यांचं म्हणणं की लाखो नोकऱ्या वाचवायच्या होत्या आणि दुसरी लाट या योजनेनं आली नाही. नोकऱ्यांचं मला पटतं. पण लाट या एका योजनेनं आणली असं कोण म्हणतंय? प्रश्न असा आहे की पुढच्याच महिन्यात शाळा भरायच्या होत्या, तर जपून ठेवायचं ते ऑगस्टमध्ये का उधळलं?

पुढचा तमाशा तू बातम्यांत पाहिलाच असशील. २४ सप्टेंबरपासून पब रात्री दहाला बंद, म्हणजे दहा वाजता सगळे एकदम रस्त्यावर आणि बसस्टॉपवर. डिसेंबरमध्ये बऱ्याच भागांत भरपेट जेवणाबरोबरच दारू, मग स्कॉच एग, म्हणजे खिम्यात गुंडाळून तळलेलं उकडलेलं अंडं, हे भरपेट जेवण होतं का, यावर मंत्र्यांची विधानं. ४ जानेवारी २०२१ ला कित्येक प्राथमिक शाळा एक दिवस भरल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या.

आता २०२१ चा क्रम बघ. ८ मार्चला शाळा. १२ एप्रिलला पबच्या बागा. १७ मेला आतल्या खोल्या. लस आली होती, त्यामुळे श्रेय सगळं क्रमाला देता येत नाही. पण ज्या सरकारनं २०२० मध्ये पब आधी उघडले त्याच सरकारनं पुढच्या वर्षी ते शाळांच्या मागं उभे केले. चूक होती का, या प्रश्नावर त्यांच्याच हातचं उत्तर आहे हे.

तुमच्याकडं वेगळं झालं का? ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेनं उघडले. आठवड्यानं राज्यपाल कोश्यारी यांनी मुख्यमंत्री ठाकरे यांना पत्र लिहिलं, बार उघडे आणि देव कुलुपात, असं. भांडण रंगलं ते बार विरुद्ध देऊळ. दिवाळीच्या पाडव्याला देवळंही उघडली. पण तुझ्या नातीसारखी शहरातली पहिली ते सातवीची मुलं वर्गात गेली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये. तुझं शटर आणि तिचा वर्ग यांत वर्षाहून जास्त अंतर पडलं. तेव्हा 'आमच्यावरच अन्याय झाला' हे मला नाही पटत, दादा.

एका बाबतीत मात्र तुझं बोलणं शंभर टक्के खरं. इथं घरी बसलेल्या वेटरला ८० टक्के पगार सरकार देत होतं, महिना २,५०० पौंडांपर्यंत. पबला वर्षभर स्थानिक कर माफ होता, वर रोख अनुदान. तुझी वाढपी पोरं मिळेल त्या गाडीनं गावाकडं गेली आणि त्यांच्या हातावर जे ठेवलं ते तूच ठेवलंस. ज्या देशाला थांबणं परवडत होतं त्यानं घाई केली. पगाराचा तो खर्च ऑगस्टपासून आवरता घ्यायचा होता, हे त्या घाईचं एक कारण. ज्याला परवडत नव्हतं त्यानं तुला थांबवलं, आणि थांबण्याचं बिल तुझ्याच नावावर फाडलं.

म्हणून तुझ्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेत बोलायची वेळ येईल तेव्हा 'आम्हाला आधी उघडू द्या' असं म्हणू नकोस. शाळा आधी उघडा म्हण, मग आमची मोकळी जागा, मग आतला हॉल, आणि तोवर आमच्या पोरांचा पगार द्या म्हण. अशी मागणी कुणाला सहजासहजी धुडकावता येणार नाही. आणि वरच्या हॉलला दोन मोठ्या खिडक्या पाडून घे, एसी असू दे नसू दे.

वहिनींना नमस्कार, पोरीला पापा. पटलं नाही तर फोन करू नकोस, लिही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी धाकटी बहीण