भरल्या घरातला हिवाळा

डिसेंबर उतरणीला लागतो, शाळांना नाताळची सुटी पडते आणि शहरांत पांगलेली मंडळी गावाकडच्या घरांकडे वळू लागतात. या आठवड्याला दिवाळीसारखी ना फराळाची धांदल, ना पाहुण्यांची वर्दळ. म्हणूनच तो मला अधिक प्रिय आहे. सिन्नर तालुक्यातील आमच्या घरी या दिवसांत चौदा माणसे जमतात. शेतात हरभऱ्याचा हुळा भाजला जातो, दुपारी गोधड्या उन्हात पडतात, रात्री बाजरीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा विरघळतो. परंतु वाचकहो, आज लिहायचे आहे ते अशा घराच्या मधोमध बसून एकट्या पडलेल्या माणसाविषयी. तुमच्याही घरी असे कोणी असण्याचा संभव आहे.

माझ्या आईचे वय 82. गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावजयीने मला बाजूला घेऊन सांगितले, “ताई, आई गोष्ट ऐकून हसत नाहीत, आपल्याला हसताना पाहून हसतात.” त्यानंतर मी लक्ष ठेवले. खरोखरच आईचे हसू सर्वांच्या मागून, अर्ध्या क्षणाने उमटत होते. त्याआधी एका जेवणात नातवाने “आमच्या कचेरीत साठ माणसे आहेत” असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली होती, “आठच?” पंगतीत हशा पिकला. त्यानंतर तिने कोणालाही काही विचारल्याचे आठवत नाही.

वयोमानाने येणारा बहिरेपणा फार फसवा असतो. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. प्रथम उंच पट्टीतले ध्वनी हरवतात. स, श, फ यांसारखी व्यंजने विरतात आणि स्वर तेवढे शिल्लक राहतात. ‘साठ’चे ‘आठ’ होते ते असे. त्यात दूरदर्शन संच चालू, कुकरच्या शिट्ट्या, स्टीलच्या ताटांचा खणखणाट आणि चौघांचे एकदम बोलणे! निरोगी कान गोंगाटातून हवा तो आवाज निवडून घेतो; थकलेल्या कानाला ते जमत नाही. म्हणजे ज्या घटकेला आपण ‘सारे कुटुंब एकत्र’ म्हणून छायाचित्र काढतो, त्याच घटकेला ते माणूस सर्वांत दूर असते.

यावर घरोघरी एकच उपाय चालतो, तो म्हणजे ओरडणे. ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट वेडेवाकडे होतात. अशा कानांना मोठा आवाज बोचतोही. शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो, ते निराळेच. समोर, उजेडात बसावे, ओठ दिसू द्यावेत, किंचित सावकाश बोलावे. न कळल्यास तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. आणि कृपा करून “काही नाही, जाऊ द्या” हे शब्द उच्चारू नयेत. ऐकू न येण्यापेक्षा तेच अधिक लागतात.

वैद्यकीय बाजूही टाळू नये. पुष्कळदा कानात साठलेला मळ हेच निम्मे कारण असते आणि डॉक्टर तो काही मिनिटांत काढतात. घरी काडी घालू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. श्रवणयंत्र घेतल्यास पहिले काही आठवडे ते नकोसे वाटते, कारण विसरलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखून घ्यावे लागतात. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण आटोक्यात आणता येण्याजोगे 14 घटक सांगितले. श्रवणदोष त्यांपैकी एक आहे. “वयच झाले आता” या वाक्यावर विषय संपवणे म्हणूनच बरे नव्हे.

आमच्याकडे खरा फरक पडला तो पहाटे. आई साडेपाचला उठून परसात तांब्याचा बंब पेटवते. त्या वेळी घर झोपलेले असते, आसपास दुसरा आवाज नसतो. माझी भाची थंडीने कुडकुडत तिच्याशेजारी जाऊन बसू लागली. तिच्याशी आई बोलली, पुष्कळ बोलली. 1972 च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे, लाल मिलोच्या भाकरी खाव्या लागत, कामावर सुकडी मिळे आणि बाभळीला बांधलेल्या झोळीत दोन वर्षांचे मूल निजलेले असे. ते मूल म्हणजे मी. पन्नासहून अधिक वर्षे हे आम्हां भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

यंदा जेवताना दूरदर्शन बंद राहणार आहे आणि आईचे पान भिंतीकडे पाठ करून, उजेडाकडे तोंड येईल असे मांडले जाणार आहे. बंबापाशी एका वेळी एकानेच बसायचे, असे भाचीने ठरवून टाकले आहे. नातवंडांनी पाळ्या लावल्या आहेत. माझी पाळी 28 तारखेला आहे. झोळी कोणत्या लुगड्याची होती, ते मला विचारायचे आहे.