बोटीवरच्या पेल्याची किंमत

नोकरीची पहिली काही वर्षे मी कांडला बंदरात सीमाशुल्क खात्यात काढली. परदेशातून आलेले जहाज धक्क्याला लागले की आम्ही शिडीने वर चढत असू. कप्तानाच्या केबिनमध्ये कागदपत्रे तपासायची, जहाजावरील साठ्याची यादी घ्यायची आणि मग खाली जाऊन मद्य व सिगारेट ठेवलेल्या खोलीला सील करायचे, हे माझे काम. खलाशांच्या गरजेपुरता माल बाहेर राही. बाकीचा जहाज बंदर सोडीपर्यंत बंद. यादीत प्रत्येक बाटलीपुढे किंमत लिहिलेली असे. ती पाहून प्रथम मी चकित झालो होतो. चांगल्या परदेशी व्हिस्कीची किंमत अवघे काही डॉलर! आयात शुल्क नाही, राज्याचे उत्पादन शुल्क नाही, विक्रीकर नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम ८७ सांगते की परदेशी फेरीवर असलेल्या जहाजातील साठा जहाजावरच वापरला जात असेल तर त्यावर शुल्क लागत नाही.

बंदराच्या फाटकाबाहेर मात्र गुजरात राज्य. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० मध्ये राज्य वेगळे झाल्यावरही गुजरातने कायम ठेवला. एका बाजूला करमुक्त मद्याने भरलेली खोली, दुसऱ्या बाजूला संपूर्ण बंदी, आणि मध्ये माझे शिशाचे सील. तेव्हापासून माझ्या मनात एक समज पक्का बसला की जगात सर्वांत स्वस्त दारू कोठे मिळत असेल तर ती समुद्रावर.

हा समज खोटा ठरायला मला निवृत्तीनंतरच्या एका सहलीपर्यंत थांबावे लागले.

डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही ह्यूस्टनला मुलाकडे गेलो होतो. सोबत माझा धाकटा भाऊ आणि त्याची पत्नी. मुलाने आम्हा चौघांसाठी गॅल्व्हस्टन बंदरातून निघून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटापर्यंत जाऊन परतणाऱ्या क्रूझची पाच रात्रींची तिकिटे काढली. दोघी जावांनी एकत्र राहायचे ठरवल्यामुळे आम्ही दोघे भाऊ एका खोलीत आलो. जहाजावर पाऊल ठेवल्यावर जुन्या सवयीने माझे लक्ष प्रथम बारच्या दरपत्रकाकडे गेले. बीअर ७ डॉलर, मिश्र पेय म्हणजे कॉकटेल १२ डॉलर, आणि प्रत्येक बिलावर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप. म्हणजे एक कॉकटेल १४ डॉलर १६ सेंटला. पाऊण लिटरच्या बाटलीतून तिकडच्या मापाने सोळा पेले निघतात. कांडल्याच्या यादीत पूर्ण बाटलीला जी किंमत मी वाचत असे, तिच्याहून अधिक आता एका पेल्याला मोजायची होती.

मग कर नसल्याचा लाभ गेला कोठे? उत्तर अवघड नाही. प्रवाशाला स्वतःची दारू बरोबर नेता येत नाही. चढताना सामान यंत्रातून तपासले जाते. फार तर माणशी वाइनची एक बाटली चालते. जहाजावरील दुकानात बाटली विकत घेतली तरी ती हातात मिळते शेवटच्या संध्याकाळी. एकदा किनारा सुटला की दुसरे दुकान नाही. शिवाय तिकिटाचा दर मुद्दाम आकर्षक ठेवलेला असतो आणि खरी कमाई जहाजावरच्या खर्चातून व्हायची असते. जगातील सर्वांत मोठ्या क्रूझ समूहाचे २०१९ चे उत्पन्न सुमारे २१ अब्ज डॉलर होते. त्यांतील ६ अब्जांहून अधिक रक्कम तिकिटांची नव्हती, तर जहाजावरील विक्री व तत्सम बाबींची होती. थोडक्यात, शासन जेथून बाजूला होते तेथे किंमत उतरतेच असे नाही. ती मोकळी जागा विक्रेता व्यापतो.

समुद्रावरील मद्याचा व्यवहार नेहमीच अशा रेषांवर उभा राहिला आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये क्युनार्ड कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की अमेरिकी सागरी हद्दीत शिरलेल्या परदेशी जहाजांनाही बंदी लागू आहे, पण खुल्या समुद्रातील अमेरिकी जहाजांना ती लागू नाही. युरोपात आजही याची गमतीदार आवृत्ती चालते. युरोपीय संघांतर्गत प्रवासातील करमुक्त विक्री १ जुलै १९९९ पासून बंद झाली. परंतु फिनलंड १९९५ मध्ये संघात आला तेव्हा त्याच्या ऑलंड बेटांना अप्रत्यक्ष करांच्या क्षेत्राबाहेर ठेवले होते. त्यामुळे स्टॉकहोम आणि हेलसिंकी यांच्यामध्ये धावणाऱ्या बोटी रात्री-अपरात्री थोडा वेळ या बेटांच्या धक्क्याला लागतात आणि करमुक्त दुकान चालू ठेवतात. नकाशावरच्या एका रेषेसाठी हजारो टनांचे जहाज वाट वाकडी करते! एका जुन्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

हे सर्व मी भावाला पहिल्या संध्याकाळी उत्साहाने सांगत होतो. तो ऐकत होता, पण त्याचे लक्ष हातातल्या कार्डाकडे होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा भाऊ २०१० मध्ये पुण्यातील एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. त्यानंतर नऊ वर्षांत त्याने दारूला स्पर्श केलेला नव्हता. घरात आम्ही याविषयी कधी बोललो नाही. त्या काळात माझा मुलगा शिक्षणासाठी परदेशी होता. त्याला "काकांची तब्येत बरी नाही" इतकेच कळवले होते. हा निर्णय माझाच होता. कुटुंबाची अब्रू, दुसरे काय!

मुलाने प्रेमापोटी आणखी एक भेट दिली होती. मी संध्याकाळी एखादा पेला घेतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने माझ्यासाठी मद्याचे 'पॅकेज' आगाऊ घेऊन ठेवले. एकदा पैसे भरले की मग पाच दिवस पेल्याला पैसे नाहीत. दर दिवशी माणशी ६० डॉलर, अधिक १८ टक्के, म्हणजे ७० डॉलर ८० सेंट. पण नियम असा की खोलीतील एका प्रौढाने पॅकेज घेतले तर दुसऱ्यालाही घ्यावेच लागते, नाहीतर एकाच्या कार्डावर दोघे पितील. हा नियम विक्रेत्याच्या दृष्टीने सयुक्तिक आहे. नियम लिहिणाऱ्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तसाच लिहिला असता. मुलाने दोघांचेही भरले. दोघांचे मिळून ७०८ डॉलर, तेव्हाच्या दराने जवळपास पन्नास हजार रुपये.

आता हिशेब पाहा. ७० डॉलर ८० सेंट म्हणजे बरोबर पाच कॉकटेल, किंवा जवळपास नऊ बाटल्या बीअर. पैसे वसूल करायचे तर रोज एवढे प्यायला हवे. वरची मर्यादा होती, पण ती इतकी उंच होती की तिला मर्यादा म्हणणे धाडसाचे ठरेल. मी स्वतः आठवड्यातून दोनदा एक पेला घेणारा मनुष्य. दुसऱ्या संध्याकाळी मी चार घेतले. तहान नव्हती, इच्छाही फारशी नव्हती. "भरलेच आहेत ना," एवढाच विचार होता.

त्या रात्री दोन वाजता मला जाग आली तेव्हा भाऊ दिवा लावून पलंगावर बसला होता.

"दादा," तो म्हणाला, "पैसे पडत होते तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं. आता प्रत्येक वळणावर बार आहे आणि प्रत्येक जण हसून विचारतो. कार्ड दाखवलं की झालं. मी आज सहा वेळा नाही म्हटलं. उद्या जमेल की नाही, मला माहीत नाही."

प्रशासनात असताना मद्यावरील कराविषयी मी अनेक टिपणे लिहिली आणि वाचली. मानवी सेवनाचे मद्य २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या बाहेर का राहिले, राज्यांचा महसूल त्यावर किती अवलंबून आहे, मे २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल होताच दिल्लीने मद्यावर ७० टक्के विशेष शुल्क का लावले, यांवर मी तासभर बोलू शकतो. टिपणाच्या अखेरीस "उच्च करामुळे सेवनास आळा बसतो" असे वाक्य आम्ही घालत असू. खरे सांगायचे तर त्या वाक्यावर आमचा फारसा विश्वास नसे, कारण नजर महसुलाच्या आकड्यावर असे. त्या रात्री मला ते वाक्य प्रथमच कळले. किंमत हे कुंपण असते. दर पेल्यागणिक खिशात हात घालावा लागतो, तो क्षण म्हणजे माणसाला विचार करण्यासाठी मिळालेला अवधी असतो. पॅकेजने पेल्याची किंमत वाढवली नव्हती की कमी केली नव्हती. त्याने तो अवधी काढून घेतला होता.

सकाळी आम्ही बारवरच्या एका मुलाशी बोललो. तो वेंगुर्ल्याचा निघाला. आमचे मराठी ऐकून आदल्या दिवशीच ओळख करून घेतली होती. तो हळूच म्हणाला, "काका, खालच्या काउंटरवर जा. कारण विचारतील, खरं सांगा. दर फेरीत एक-दोघं तरी येतात."

काउंटरवर रांग होती. आमची पाळी आली तेव्हा मी माझ्या सरकारी इंग्रजीत सुरुवात केली की माझ्या बंधूंना प्रकृतीच्या कारणास्तव हे पॅकेज नको आहे. समोरच्या मुलीने नम्रपणे विचारले, "कोणते कारण?" मी पुन्हा "प्रकृती" म्हणालो. ती म्हणाली की नियमानुसार कारण नोंदवावे लागते. मी शब्द शोधत होतो. मागे रांगेत दहा-बारा माणसे उभी होती. तेवढ्यात भाऊ पुढे झाला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला की मी मद्यपी आहे, नऊ वर्षे प्यायलेलो नाही आणि पुढेही प्यायचे नाही. मुलीने मान डोलावली, दोन कळा दाबल्या आणि त्याच्या कार्डावर शीतपेयांची नोंद करून उरलेली रक्कम खात्यात जमा केली. सारे तीन मिनिटांत झाले. मागच्या रांगेतील कोणीही वळून पाहिले नाही. जो शब्द मी नऊ वर्षे घरात उच्चारू दिला नाही, तो त्याने परक्या माणसांसमोर उच्चारला. मी माझेही पॅकेज रद्द करायला सांगितले. एका खोलीचा नियम येथे आमच्या उपयोगी पडला.

परतीच्या वाटेवर मला पुन्हा गुजरात आठवले. तेथे प्रकृतीच्या कारणास्तव मद्य घ्यायचे असेल तर परवाना मिळतो. त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे आपला आजार मांडावा लागतो. म्हणजे तेथे पिण्यासाठी आजारी असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि या जहाजावर न पिण्यासाठी. दोन टोकांच्या दोन व्यवस्था, पण सिद्ध करण्याचा भार दोन्हीकडे एकट्या माणसावर. नियम करताना आपण अपवाद ठेवतो आणि समाधान मानतो. अपवादापर्यंत पोचण्यासाठी माणसाला रांगेत उभे राहून काय बोलावे लागणार आहे, हे आपण क्वचितच पाहतो. अर्जात "मद्य नको" अशी एक चौकट असती आणि पुढे कारणाची ओळ नसती, तर बाराशे प्रवाशांत एखाद्याने तिचा गैरवापर केला असता. त्याची किंमत कोणत्याही कंपनीला किंवा शासनाला परवडण्यासारखी आहे.

क्रूझला निघणाऱ्या वाचकांना व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. पॅकेज घेण्यापूर्वी रोजचे पेले मोजा. पाचांखाली आकडा असेल तर सुटे पैसे देणेच स्वस्त. आणि कोणाला भेट म्हणून ते घेण्याआधी त्या माणसाला विचारा.

गॅल्व्हस्टनला उतरल्यावर धक्क्यावर टेक्सास राज्याच्या मद्य आयोगाचे टेबल होते. मेक्सिकोतून बाटल्या आणणाऱ्यांकडून तेथे राज्याचा कर घेत होते. टेबलामागच्या माणसाने आमच्या पिशव्यांकडे पाहून विचारले, "काही आहे का?" भाऊ हसून म्हणाला, "काही नाही." मुलगा बाहेर गाडी घेऊन उभा होता. ह्यूस्टनपर्यंतच्या तासाभरात मी त्याला २०१० साली काय झाले होते ते सांगितले. काका पुढच्या आसनावर बसले होते आणि माझ्याकडून काही राहिले तर ते भर घालत होते.